४५ मिनिटांपलीकडे

स्वमग्न मुलांसोबत काम करायचं ठरवून जे तरुण प्रशिक्षणाला येतात, त्यांच्या मनात या कामाचं एक चित्र तयार असतं. एक खोली, जमिनीवर मॅट, मॅटवर एक मूल आणि एक थेरपिस्ट. हे चित्र खोटं नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी इमारतींच्या तळमजल्यांवर अशा खोल्या आहेत, आणि त्यांत रोज मोलाचं काम होतं. पण त्या खोलीतलं एक सेशन साधारण ४५ मिनिटांचं असतं. मूल आठवड्यातून दोनदा आलं तर दीड तास झाला. आठवड्यात तास असतात १६८. उरलेला सगळा वेळ मूल घरी, शाळेत, रिक्षात, जिन्यात, आजीजवळ असतं. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की या व्यवसायातलं यश त्या उरलेल्या तासांत काय बदललं यावरून मोजावं. खोलीत मुलाने दहा चित्रं ओळखली आणि घरी तहान लागली तरी त्याला पाणी मागता येत नसेल, तर आपलं काम अर्धंही झालेलं नाही.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे. तो बालपणापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. दुसऱ्याशी संवाद साधण्याची रीत वेगळी असते. काही वस्तू, काही हालचाली, काही ठरलेले क्रम यांची घट्ट ओढ असते. आवाज, उजेड, स्पर्श, वास इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. एक मूल अखंड बोलतं, पण समोरच्याचं ऐकायला थांबत नाही. दुसरं एकही शब्द उच्चारत नाही, पण दारातल्या चपला पाहून घरात कोण आलंय हे ओळखतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच मुलांबद्दल लिहिलं, आणि तिथून वैद्यकशास्त्रात या नावाला जागा मिळाली. आपल्याकडे उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ऑटिझमचं प्रमाण शंभरात साधारण एक असं आढळलं. हजार मुलांच्या शाळेत सुमारे दहा मुलं, असा त्याचा अर्थ होतो. ही मुलं दुर्मीळ नाहीत. ती आपल्या नजरेआड ठेवली गेली आहेत.

नजरेआड ठेवण्यामागे एक जुनी चूक आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायलाच हवी. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य मानसोपचारात असा समज रुजला की आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो घराघरात पोचवला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी ऑटिझमचं मूळ शरीरात, मेंदूत आहे असं पुराव्यांनिशी मांडलं होतं. रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. पुढे नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून सहकाऱ्याच्या जागी बसवलं. १९७२ पासून त्या राज्यात सुरू झालेला 'टीच' हा कार्यक्रम पालकांना सह-उपचारक मानूनच उभा राहिला.

जगात हा वाद संपून अर्धं शतक होत आलं. आपल्या इमारतींमध्ये तो अजून चालू आहे. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत मूल बोलत नाही हे कळलं की पहिला प्रश्न आईलाच होतो. तू नोकरी करतेस म्हणून का? मोबाइल हातात दिलास म्हणून का? घरात दोघंच असता, कोणी बोलत नाही म्हणून का? ती बाई आपल्या समोर येऊन बसते तेव्हा हे सगळं ऐकूनच आलेली असते. म्हणून या पुस्तकातलं पहिलं प्रकरण मुलाच्या तपासणीवर नाही, पालकांशी होणाऱ्या पहिल्या बोलण्यावर आहे. 'तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही' हे वाक्य स्पष्ट शब्दांत आणि वडील, आजी, आजोबा समोर असताना बोललं गेलं पाहिजे. नाहीतर पुढचे सगळे सल्ले अपराधी मनावर पडतात, आणि अपराधी मन शिकत नाही.

भारतात या क्षेत्राचा पाया मुख्यतः पालकांनी घातला. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली, ती स्वतःच्या मुलासाठी काही सापडेना म्हणून. त्या संस्थेने पालक आणि मूल यांनी काही महिने एकत्र येऊन शिकण्याचा कार्यक्रम उभा केला, आणि देशभरातली कुटुंबं तिथे जाऊन राहिली. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांचाच गट. २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुंबईत 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केलं, तेव्हा विकासात्मक बालरोगशास्त्र ही शाखा आपल्या शहरातल्या बऱ्याच डॉक्टरांनाही नवी होती. कायदा या सगळ्यांच्या मागून चालत आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याला नाव दिलं, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत त्याला स्थान दिलं. आज प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरली जाते, तिच्यात ४० प्रश्न आहेत आणि ७० पेक्षा कमी गुण आले तर ऑटिझम नाही असं मानलं जातं. या गुणांवर सवलती ठरतात, म्हणून त्यांचं महत्त्व आहे. पण मूल काय करू शकतं आणि कशाने आनंदी होतं, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. ते लिहून ठेवणं आपलं काम आहे.

घर हेच उपचाराचं ठिकाण आहे, हा भावनेपोटी केलेला दावा नाही. त्याची तपासणी आपल्या शेजारी, गोव्यात झाली आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत पालक मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग थेरपिस्ट पालकांसोबत बसून ते पाहतो. मूल कुठे वळलं, आईने कुठे थांबून वाट पाहिली, कुठे घाई केली, हे दोघं मिळून शोधतात. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी ही पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बेतली आणि ती पदवीधर तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली. चाचणीत ६५ मुलं होती आणि निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. पालक मुलाच्या लक्षाशी जुळवून घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. प्रत्येक मापावर सुधारणा झाली नाही, हेही त्याच निबंधात प्रामाणिकपणे नोंदलेलं आहे. आपल्यासाठी त्यातला धडा मोठा आहे. जिथे तज्ज्ञ थोडे आणि मुलं फार, तिथे तज्ज्ञाने आपलं कौशल्य वाटत सुटलं पाहिजे.

हे वाटणं उपनगरात कसं दिसतं, ते या पुस्तकाच्या मधल्या भागात तपशिलाने आलं आहे. वन रूम किचनच्या घरात 'शांत कोपरा' करा असं सांगणं सोपं आहे. पाच माणसांच्या घरात तो कोपरा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली दोन फुटांची जागा असते, आणि तीही पुरते. कुकरच्या शिट्टीने मूल कान दाबून किंचाळत असेल तर शिट्टी होण्याआधी मोजणी करून दाखवणं, कुकर लावण्याची वेळ ठरवणं, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि आई यांनी त्या स्वयंपाकघरात उभं राहून ठरवायचं असतं. गणपतीतले ढोलताशे, बोरिवलीतल्या नवरात्रीचे लाऊडस्पीकर, दिवाळीतले फटाके यांची तयारी आधीपासून करता येते. मिरवणूक आधी मोबाइलवर कमी आवाजात पाहायची, मग खिडकीतून, मग कोपऱ्यावरून, आणि नको वाटलं की परत फिरायची मोकळीक ठेवायची. केस कापणं, नखं काढणं, लिफ्टमध्ये अनोळखी माणसासोबत उभं राहणं, यातलं प्रत्येक काम आम्ही पायऱ्यांत मोडून दाखवलं आहे.

लोकल हा या भागातल्या मुलांचा एक वेगळाच विषय आहे. अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, हा क्रम कित्येक मुलांना आपल्या आडनावाआधी पाठ होतो. जुन्या पठडीत याला वेड म्हणून सोडवायचा प्रयत्न झाला असता. आम्ही सुचवतो की अभ्यास तिथूनच सुरू करा. स्थानकाच्या पाटीवर तीन भाषा आहेत, इंडिकेटरवर वेळ आहे, डब्यांची संख्या आहे, तिकिटाचे पैसे आहेत. वाचन, घड्याळ, बेरीज, रांगेत थांबणं, हे सगळं त्या फलाटावर शिकता येतं. मुलाची आवड हा आपल्याला मिळालेला सर्वात भक्कम दुवा असतो. लोकलमध्ये मात्र पालकांना दुसरा अनुभवही येतो. दिव्यांगांच्या डब्यात चढलेल्या आईला 'हा तर धडधाकट दिसतो' असं ऐकावं लागतं. त्या क्षणी काय बोलायचं, प्रमाणपत्र कसं दाखवायचं आणि मुलाचा हात न सोडता शांत कसं राहायचं, याचीही तालीम पालकांसोबत करावी लागते.

भाषेबद्दल इथे ठामपणे बोलायला हवं. घाटकोपर-मुलुंडमध्ये घरात मराठी, गुजराती किंवा कच्छी, खाली दुकानात हिंदी आणि शाळेत इंग्रजी असते. मूल उशिरा बोलतंय म्हटलं की पालकांना सल्ला मिळतो, 'घरात फक्त इंग्रजी बोला, गोंधळ होतो.' दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं याला संशोधनाने दुजोरा दिलेला नाही. नुकसान मात्र डोळ्यांसमोर दिसतं. ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती गप्प होते, अंगाई थांबते, आणि आई अडखळत्या परक्या भाषेत मुलाला जवळ घेऊ पाहते. मुलाशी प्रत्येकाने आपल्या सर्वात ओघवत्या भाषेत बोलावं, असं आम्ही सांगतो. आणि तोंडाने बोलणं हाच संवादाचा एकमेव मार्ग नाही. चित्रांची देवाणघेवाण करून मागणी करायला शिकवणारी 'पेक्स' ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारतं, मराठीतही. चित्रं दिली तर मूल बोलायचं सोडून देईल ही भीती पालकांना वाटते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात की असं होत नाही. आपलं म्हणणं पोचतं हे कळलेलं मूल अधिक प्रयत्न करतं.

या व्यवसायाचे रस्ते अनेक आहेत. स्पीच थेरपीची पदवी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत घेता येते. ती संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. विशेष शिक्षणासाठी डी.एड., बी.एड. आहे, आणि एसएनडीटीच्या जुहूच्या आवारात त्याचा विभाग आहे. स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ऑक्युपेशनल थेरपीचा तर उगमच मुंबईतला. कमलाबाई निंबकर, जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी, यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात भारतातलं या विषयाचं पहिलं विद्यालय सुरू केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. माणसाला त्याच्या रोजच्या कामांत पुन्हा उभं करायचं, हा त्यांच्या शास्त्राचा गाभा होता. दात घासणं, जेवणं, कपडे घालणं हीच उपचाराची उद्दिष्टं मानणारी ती दृष्टी स्वमग्न मुलाच्या घराला आजही तंतोतंत लागू पडते.

नोंदणीचा मुद्दा केवळ कागदाचा नाही. मागणी प्रचंड आहे आणि प्रशिक्षित माणसं कमी, म्हणून काही आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही भेटतात. त्याहून गंभीर म्हणजे 'बरं करून देतो' असं सांगणारे. स्टेम सेल देऊन ऑटिझम जातो अशा जाहिरातींमागे कुटुंबांनी दागिने मोडले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. पालक असा प्रश्न घेऊन आले तर टाळाटाळीचं उत्तर देऊ नका. नाही म्हणा, कारण सांगा आणि त्या पैशांत मुलासाठी दुसरं काय करता येईल तेही सांगा.

आपल्या हेतूंकडेही निरखून पाहायला हवं. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांच्या परिषदेत सांगितलं की आमच्या असण्याचा शोक करू नका. तेव्हापासून जगभरातले प्रौढ स्वमग्न लोक आपल्या लहानपणीच्या उपचारांबद्दल बोलत आले आहेत. डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती, हात हलवले म्हणून दाबून धरलेले हात, 'नॉर्मल दिसावं' म्हणून तासन्‌तास केलेला सराव, यांतून त्यांना काय मिळालं आणि काय गेलं, हे त्यांनी लिहिलं आहे. त्यांचं ऐकल्याशिवाय हा व्यवसाय करू नये. मूल इतरांसारखं दिसावं हे उद्दिष्ट आम्ही या पुस्तकातून काढून टाकलं आहे. मुलाला नको म्हणता यावं, दुखतंय हे सांगता यावं, आवडीचं काम मिळावं आणि सुरक्षित राहता यावं, ही उद्दिष्टं ठेवली आहेत.

शाळेवर एक स्वतंत्र भाग आहे. २०१६ च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क दिला. राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखनिक, जादा वेळ अशा सवलती आहेत. तरी प्रवेशाच्या वेळी 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर उपनगरातल्या पालकांना पाठ आहे. अशा वेळी थेरपिस्टने फक्त रिपोर्ट देऊन थांबू नये. वर्गशिक्षिकेसोबत बसावं, बसायची जागा, सूचना देण्याची पद्धत, मधल्या सुट्टीतला गोंधळ यांवर तिच्यासोबत विचार करावा. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना उपदेश नको असतो. उद्या सकाळी करता येईल अशी एक गोष्ट त्यांना हवी असते.

आणि मूल मोठं होतं. या व्यवसायाची सगळी शक्ती तीन ते आठ या वयात एकवटली आहे, तर माणूस साठ-सत्तर वर्षं जगतो. १८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, आणि हे कित्येक घरांना बँकेत अडल्यावर कळतं. 'आमच्यानंतर काय' हा प्रश्न पहिल्या भेटीतच पालकांच्या मनात असतो, ओठांवर यायला पंधरा वर्षं लागतात. उत्तराच्या दिशेने काही पावलं आपल्याच भागात पडली आहेत. डॉ. सुषमा नगरकर यांनी आशैता महाजन यांच्यासह उभ्या केलेल्या यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डबा सेवा आणि २०१८ मध्ये जुहूला 'कॅफे अर्पण' सुरू केलं. तिथे ऑटिझम आणि इतर विकासात्मक अपंगत्व असलेले प्रौढ पदार्थ करतात, टेबलावर आणून देतात, हिशेब पाहतात आणि पगार घेतात. तीन वर्षांच्या मुलाची योजना लिहिताना तिथे काम करणारा तिशीचा माणूस डोळ्यांपुढे ठेवा. मग आज ठोकळे रचायला शिकवायचं की स्वतःचा डबा उघडायला, हे ठरवणं सोपं जातं.

हे काम थकवतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पगार सुरुवातीला कमी असतात, प्रवास लांब असतो, आणि प्रगती महिन्यांत मोजावी लागते. बरीच तरुण मंडळी काही वर्षांत सोडून जातात, आणि प्रत्येक वेळी एखादं मूल नव्या माणसाशी पहिल्यापासून ओळख करत बसतं. म्हणून संस्थांनी ज्येष्ठांचं मार्गदर्शन, ठरलेली सुट्टी आणि जगण्यापुरतं वेतन देणं हा मुलांच्या उपचाराचाच भाग आहे, असं आम्ही मानतो. भावंडांवरचं आणि वडिलांवरचं प्रकरणही याच विचारातून आलं. सगळा भार आईवर टाकलेलं घर आणि सगळा भार एका थेरपिस्टवर टाकलेलं केंद्र, दोन्ही फार दिवस टिकत नाहीत.

पालकांनी हे पुस्तक हवं तिथून उघडावं. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. विद्यार्थ्यांनी मात्र क्रमाने वाचावं आणि प्रत्येक प्रकरणानंतर एका घरी जावं, तिथे काही न शिकवता तासभर बसावं आणि पाहावं. पुस्तकात सांगितलेलं त्या घरात लागू पडत नसेल तर घराचं खरं माना. आणि एखाद्या कुटुंबाने वर्षा-दोन वर्षांनी येऊन सांगितलं की आता महिन्यातून एकदाच भेटलं तरी चालेल, बाकीचं आम्हाला जमतं, तर त्याचा आनंद माना. आपण ज्यासाठी आलो होतो ते काम तिथे झालेलं असतं, आणि रांगेतल्या पुढच्या कुटुंबासाठी एक जागा मोकळी झालेली असते.